दूरध्वनीच्या जाळ्याची परीक्षा

शाळेंत जशी विद्यार्थ्यांची परीक्षा होते, तशीच आपल्या खिशांतील मोबाईल फोनच्या जाळ्याचीही होत असते. ती घेणारें आणि गुण देणारेंही यंत्रच असतें. ही परीक्षा कशी होते व तिच्या गुणांवर विश्वास किती ठेवावा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नवी मुंबईंत ही परीक्षा मोठी कठीण. पूर्वेस पारसिकचा डोंगर, पश्चिमेस ठाण्याची खाडी आणि मध्यें काँक्रीटच्या उंच इमारती. मोबाईल फोन रेडिओलहरींच्या साहाय्यानें बोलतो. डोंगर व जाड भिंती ह्या लहरींना अडवितात. उलट खाडीच्या मोकळ्या पाण्यावरून त्या दूरवर जातात. त्यामुळें किनाऱ्यावरील फोन कधीं कधीं जवळचा मनोरा सोडून पैलतीरावरील मनोऱ्याशीं संबंध जोडतो. मानखुर्दहून वाशीकडे येणारी लोकलगाडी पुलावरून धांवत असतां शेंकडों फोन एका मनोऱ्याचा हात सोडून दुसऱ्याचा धरीत असतात. हा हात निसटला, कीं बोलणें तुटलेंच.

लहरींची शक्ति डेसिबेलच्या हिशेबानें मोजतात. यंत्रावर उणें ८० हा आंकडा आला, तर स्थिति चांगली समजावी. तोच उणें ११० वर उतरला, म्हणजे शक्ति पूर्वीच्या एक सहस्रांश उरली.

१९९७ सालीं स्थापन झालेलें भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण शहरोशहरीं चाचणीच्या मोटारी फिरवितें. मोटारींत निरनिराळ्या कंपन्यांचे फोन ठेवलेले असतात. ते आपले आपणच नंबर फिरवितात, संभाषण संपवितात व पुन्हां फिरवितात. कोणत्या जागीं बोलणें जुळलें नाहीं अगर तुटलें, त्याची उपग्रहाच्या साहाय्यानें नकाशावर नोंद होते. आवाजाची परीक्षा तर विशेष मनोरंजक आहे. एका फोनवरून मुद्रित केलेलें वाक्य धाडतात. दुसरीकडे पोंचलेलें वाक्य गणकयंत्र मूळ वाक्याशीं ताडून पाहतें आणि १ पासून ५ पर्यंत गुण देतें. ह्यासाठीं जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २००१ सालीं एक गणिती रीत व २०११ सालीं तिच्याहून सुधारलेली दुसरी रीत मान्य केली.

परंतु मोटार रोज कोठवर फिरणार? म्हणून आपला फोनही हें काम करीत असतो. आसपासच्या मनोऱ्यांची शक्ति मोजून तो जाळ्यास कळवितो. जेथें लहरी मुळींच पोंचत नाहींत, तेथून तो कळविणार कसा? अशा वेळीं नव्या पद्धतीचे फोन नोंद जवळ ठेवतात व संबंध पुन्हां जुळल्यावर ती पाठवितात. घणसोली येथें जिओ कंपनीचें देशभरच्या जाळ्यावर देखरेख करणारें केंद्र आहे. अशा केंद्रांत ह्या असंख्य नोंदींवरून दुबळा मनोरा हुडकून काढतां येतो.

आतां गुणांविषयीं. शंभर संभाषणांपैकीं दोहोंहून अधिक तुटूं नयेत, असा दंडक पूर्वीं सबंध जाळ्याच्या सरासरीला लावीत. समजा, एका दिवसांत १०,००० संभाषणें झालीं व डोंगरपायथ्याच्या एका वस्तींतील १०० च्या १०० तुटलीं. बाकी सर्व नीट पार पडलीं, तर हिशेब होतो १ टक्का, जाळें उत्तीर्ण! परंतु त्या वस्तींत मध्यरात्रीं आजारी मुलाला उशाशीं घेऊन रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा नंबर फिरविणाऱ्या मातेला त्या उत्तीर्णतेचा काय उपयोग?

हा दोष ओळखून प्राधिकरणानें १ ऑक्टोबर २०१७ पासून नियम बदलला. जाळ्याचीं लहान लहान क्षेत्रें निरनिराळीं धरून, निदान ९० टक्के क्षेत्रांनीं निदान ९० टक्के दिवस दोन टक्क्यांच्या आंत राहिलें पाहिजे, असें ठरविलें. २०२४ च्या नियमांनीं तर कोणत्या भागांत आपली सेवा पोंचते, त्याचे नकाशे कंपन्यांनीं प्रसिद्ध करावेत, असें बंधन घातलें.

तरीही मोटार रस्त्यानें जाते. घराच्या आंतल्या खोलींत ती शिरत नाहीं. तेव्हां पालकांस आमची विनंति आहे, कीं घर बदलण्यापूर्वीं हा नकाशा अवश्य पाहावा. आणि घरांत बोलणें वारंवार तुटत असल्यास नुसती कुरकुर न करितां दिनांक, वेळ व नेमकी जागा लिहून कंपनीकडे तक्रार नोंदवावी. हें टिपण ठेवण्याचें काम मुलांनीं अंगावर घ्यावें. वर्गांत सरासरी काढावयास आपण शिकतोंच. त्या सरासरीखालीं कोणाची हांक दडपली गेली आहे, हें शोधणेंही गणिताच्याच अभ्यासांत मोडतें.