पृथ्वीहून धाकटं विश्व

आईपेक्षा लेक वयाने मोठी निघाली, तर खोट जन्मदाखल्यात आहे हे कुणालाही कळतं. १९३० आणि ४० च्या दशकांत खगोलशास्त्रज्ञांपुढे नेमका हाच पेच होता. आकाशगंगांच्या वेगावरून विश्वाचं वय निघत होतं जेमतेम २०० कोटी वर्षं. आणि इकडे खडकांतल्या युरेनियमचं किती शिसं झालं हे मोजून आर्थर होम्स पृथ्वीचं वय ३०० कोटींच्या पुढे नेत होते. घोळ कुणाच्या तरी हिशेबात होता, आणि तो भूगर्भशास्त्रज्ञांच्या नव्हता.

२०० कोटी हा आकडा एडविन हबल यांच्या मोजमापातून आलेला. आकाशगंगा जितकी लांब, तितक्या वेगाने ती दूर जाते, हे त्यांनी १९२९ साली दाखवलं. दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे हा वेग सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटरने वाढतो, असा त्यांचा हिशेब. अंतराला वेगाने भागलं की हे सगळं एकवटलेलं असण्याला किती काळ लोटला, ते ढोबळमानाने कळतं. भागाकार शाळकरी पोरालाही जमेल. वेगही वर्णपटावरून नीट मिळतो. घोडं अडतं ते अंतरापाशी.

अंतर मोजायची पट्टी दिली हार्वर्ड वेधशाळेतल्या हेन्रिएटा लेविट यांनी. छायाचित्रांच्या काचा तपासता तपासता त्यांना दिसलं, की सेफिड जातीचा तारा जितका तेजस्वी, तितका त्याच्या उजळण्या-मंदावण्याचा फेरा लांब. १९१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. फेरा मोजला की ताऱ्याचं खरं तेज समजतं, आणि इथून तो किती फिका दिसतो त्यावरून अंतर. ऑक्टोबर १९२३ मध्ये हबल यांना देवयानी आकाशगंगेत असा तारा सापडला. माउंट विल्सनवरच्या दुर्बिणीतून घेतलेली ती काच आजही जपलेली आहे. आधी नवतारा समजून लिहिलेलं ‘एन’ त्यावर खोडलंय, आणि शेजारी ठसठशीत ‘व्हीएआर’, म्हणजे रूपविकारी, पुढे उद्गारचिन्ह.

पण सेफिड दोन जातींचे असतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ते उलगडलं वॉल्टर बाडे यांना, आणि त्याला निमित्त झालं दुसरं महायुद्ध. बाडे जर्मन नागरिक, त्यामुळे अमेरिकेच्या युद्धकामात त्यांना जागा नव्हती. सहकारी तिकडे गेलेले, माउंट विल्सनची शंभर इंची दुर्बीण मोकळी, आणि ब्लॅकआउटमुळे खाली लॉस एंजेलिसचा झगमगाट विझलेला. त्या काळोखात त्यांनी देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे सुटे टिपले आणि ताऱ्यांची दोन कुळं आहेत हे ओळखलं. युद्धानंतर पालोमारची दोनशे इंची दुर्बीण आली. देवयानी मानलेल्या अंतरावर असती, तर आरआर लायरी जातीचे तारे तिच्यातून दिसायलाच हवे होते. ते दिसेनात. म्हणजे देवयानीच आणखी दूर असणार, आणि तिच्यातले सेफिड पट्टी आखली होती त्या जातीचे नसणार. १९५२ साली रोमच्या परिषदेत बाडे यांनी हे मांडलं, आणि विश्वाचं वय बसल्या बैठकीला दुप्पट झालं. लांबच्या आकाशगंगांत हबल ज्यांना तेजस्वी तारे समजले, ते खरे तर चकाकणारे वायूचे ढग होते, हे पुढे ॲलन सँडेज यांनी दाखवलं. १९५८ पर्यंत आकडा १३०० कोटींच्या घरात पोचला.

मधल्या काळात, १९४८ मध्ये, फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी आरंभच नसलेलं स्थिर-स्थितीचं विश्व मांडलं होतं. पुढे केंब्रिजमध्ये हॉइल यांचे विद्यार्थी झालेले जयंत नारळीकर याच वाटेने गेले आणि महास्फोटाविषयीची शंका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. आपल्याकडे याला हट्ट म्हणायची पद्धत आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. विश्वाची जन्मतारीख पृथ्वीनंतरची निघत असताना ‘जन्मच झाला नाही’ म्हणणं तर्काला सोडून नव्हतं. त्या सिद्धांताला जबर धक्का बसला तो १९६५ मध्ये. न्यू जर्सीत पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर येत होती. आतली कबुतरं हाकलली, त्यांची घाण काढली, तरी ती थांबेना. ते विश्वाच्या तरुणपणीच्या उष्णतेचे अवशेष होते.

आज विश्वाचं वय आपण या अवशेषांवरूनच सांगतो. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना हा प्रकाश मोकळा झाला. त्याच्या तापमानात एक लाखात एक इतका बारीक फरक आहे, आणि त्या फरकाची नक्षी प्लँक उपग्रहाने मोजली. उत्तर आलं सुमारे १३८० कोटी वर्षं, फार तर दोनेक कोटी इकडेतिकडे.

एवढ्यावर मिटलं असतं, पण अंतराची पट्टी पुन्हा आडवी आली आहे. प्लँकच्या हिशेबाने प्रसरणाचा दर, म्हणजे हबल यांनी ५०० काढलेला तोच आकडा, ६७.४ येतो, सेफिड आणि स्फोट पावणारे तारे वापरून ॲडम रीस यांच्या गटाला तो ७३ च्या आसपास मिळतो. जेम्स वेब दुर्बिणीने सेफिड पुन्हा तपासले, तरी रीस यांचा आकडा हलला नाही. मूळ सिद्धांतातच काही सुटलंय, की कुठे एखादी बाडेछाप चूक दडलीय, यावर रणं माजली आहेत. मला दुसरी शक्यता अधिक पटते, पण पुरावा अजून कुणाकडेच नाही.

निवाड्याला तिसरा साक्षीदार आहे: गुरुत्वलहरी. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर पकडली गेली. अशा लहरींवरून अंतर थेट मिळतं, सेफिडची गरजच पडत नाही. त्या एका टकरीवरून दर आला ७०, पण खरा आकडा ६२ ते ८२ मध्ये कुठेही असू शकेल इतका सैल. अशा टकरी डझनांनी हव्यात, आणि प्रत्येक टक्कर कोणत्या आकाशगंगेत झाली तेही समजायला हवं. त्यासाठी पृथ्वीवर एकमेकांपासून दूर अनेक वेधशाळा लागतात. त्यांतली एक, लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. केंद्राची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली.