धमन्यांचे फाटे
कोल्हापूरजवळ चिखलीच्या प्रयागापाशीं कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचें पाणी एक होऊन पंचगंगा होते. धमन्यांत क्रम उलटा. एकीच्या दोन होतात. मानेंतील मोठ्या धमनीला फाटा फुटतो, तेथें भिंतीलगतचा प्रवाह मंदावून भोंवरतो. सरळ, वेगानें वाहणारें रक्त आंतलें अस्तर निरोगी राखतें; भोंवऱ्यापाशीं तें दुबळें होऊन त्यांत स्निग्ध द्रव्य शिरतें. मोठ्या धमन्यांत दाब जवळजवळ सारखाच, तरी कीट सांचतें तें मुख्यतः अशा फाट्यांशीं व वळणांशीं. वाढलेला रक्तदाब अस्तराची झीज वाढवितो, भिंत ताठर करितो. वरचा आंकडा १४० च्या पुढें गेला तरी बहुधा दुखत कांहींच नाहीं. खासबागेंतील धडधाकट मल्लालाही तो मोजल्याविना कळावयाचा नाहीं. मानेंतील तें कीट फुटून झालेली गुठळी मेंदूकडे गेली, कीं अर्धांगवायूचा झटका येतो.