पुरेशा शाळेची किंमत

शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत पहिलीला प्रवेश मिळालेल्या मुलामागे कर्नाटक सरकारने शाळेला द्यावयाच्या वार्षिक परताव्याची मर्यादा आरंभीच्या काळात ११,८४८ रुपये होती. पुढे ती १६,००० झाली. महाराष्ट्राने हाच आकडा १७,६७० रुपये ठरवला. संस्थाचालक आणि शिक्षण खाते यांच्यातील वाद बहुधा ही रक्कम वेळेवर मिळण्याविषयी असतो. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे : हा आकडा नेमके काय मोजतो?

कायद्याच्या कलम १२(२) चा आधार सरकारच्या प्रत्यक्ष खर्चाचा आहे. सरकारी शाळांवरील वार्षिक आवर्ती खर्चाला तेथील पटसंख्येने भागायचे, एवढीच ती रीत. त्यातून कळते ते सरकार किती खर्च करते. किती करायला हवा, हे कळत नाही. शिवाय हा भागाकार फसवाही आहे. कायद्याच्या परिशिष्टानुसार साठ मुलांच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. उदाहरणादाखल प्रत्येकाचे मासिक वेतन ५०,००० रुपये धरू. केवळ वेतनाचा खर्च दरमुलामागे वर्षाला २०,००० रुपये होतो. या दोघांच्या जागी दरमहा १०,००० रुपये मानधनावर अतिथी शिक्षक नेमले, तर तोच खर्च ४,००० वर येतो. उलट नियमित शिक्षक ठेवून पट वीसवर घसरला, तर तो ६०,००० होतो. पहिल्या बदलात सरकार काटकसरी दिसते, दुसऱ्यात उदार. प्रत्यक्षात एकाही मुलाच्या पदरात अधिक शिक्षण पडलेले नसते.

आपल्याकडे शिक्षणावरील खर्चाची चर्चा टक्केवारीच्या भाषेत होते. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांचे उद्दिष्ट सुचवले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही त्या सहा टक्क्यांचाच पुनरुच्चार केला. मात्र गरजेपासून आरंभ करून हिशेब मांडण्याचा प्रयत्नही या देशात झालेला आहे. अर्थतज्ज्ञ तापस मजुमदार यांच्या समितीने १९९९ मध्ये सर्व मुलांना शाळेत आणण्यासाठी दहा वर्षांत सुमारे १.३७ लाख कोटी रुपये अधिक लागतील, असा अंदाज दिला होता. शिक्षण हक्क कायदा आल्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेतील अभ्यासकांनी त्यातील निकषांना किमती लावून राज्यवार गरज मोजली. अमेरिकेत १९८९ साली केंटकी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील संपूर्ण शाळाव्यवस्था घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर ‘पुरेसे’ शिक्षण म्हणजे काय आणि त्याला किती खर्च येतो, हे मोजण्याचे शास्त्रच तिथे उभे राहिले. त्यातील एक पद्धत अगदी साधी आहे : अनुभवी शिक्षक आणि मुख्याध्यापकांना एकत्र बसवायचे, ठरावीक उद्दिष्ट गाठण्यासाठी शाळेला काय काय लागेल याची यादी करायची आणि मग त्या यादीला किंमत लावायची.

बेंगळुरूत ही यादी करायला बसले, तर सरासरी किती अपुरी आहे ते लगेच ध्यानात येईल. या शहराच्या इमारती उभारणारे मजूर कलबुर्गी, रायचूर, आंध्र, ओडिशा येथून येतात. त्यांच्या मुलांपैकी अनेकांची घरची भाषा कन्नड नसते आणि काम संपले की बिऱ्हाडही हलते. या मुलांना भाषेसाठी जादा शिक्षक हवा, मध्येच प्रवेश देण्याची सोय हवी. गावाकडचा हिशेब वेगळा. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये कर्नाटकातील ११४ तालुके मागास ठरवले होते. अशा तालुक्यातील मुलामागे राजधानीतील मुलाइतकाच खर्च करणे, ही समता म्हणता येणार नाही.

हा प्रश्न केवळ हिशेबनिसांचा नाही. परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेवर पंचवीस टक्के प्रवेशांचे बंधन नाही, असा नियम कर्नाटकाने केला आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. महाराष्ट्राने २०२४ मध्ये तशीच वाट धरली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ती अडवली. दोन न्यायालयांचे निष्कर्ष भिन्न असले, तरी कर्नाटकापुरता अर्थ स्पष्ट आहे : गरीब मुलासाठी जवळची सरकारी शाळा पुरेशी आहे, असे राज्यच म्हणते आहे.

तसे असेल, तर ‘पुरेशी’ या शब्दाचा हिशेब देण्याचे दायित्वही राज्यावर येते. माझ्या मते प्रत्येक अर्थसंकल्पासोबत दोन आकडे तालुकानिहाय छापले जावेत : एका मुलामागे झालेला खर्च आणि निकषांनुसार लागणारा खर्च. रिक्त पदे, वर्गखोल्यांची तूट, भाषेची अडचण हे सारे त्या दोन आकड्यांमधील अंतरात दिसेल. पैसा मिळाला म्हणजे शिक्षण आपोआप सुधारते, असा माझा दावा नाही. पण ज्या शाळेत दोन शिक्षकांची गरज असताना एकच उभा आहे, तिच्या निकालावरून सरकारी शिक्षणाला नालायक ठरवण्याआधी, आपण त्या शाळेला पुरेसे काही दिले होते का, एवढे तरी नागरिकांना ठाऊक असायला हवे.