जुन्या ट्रकचा गारवा : गॅस जातो कोठे?

मे महिन्यात विदर्भातील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ज्या ट्रकचे इंजिन चालकाच्या आसनाखालीच बसविलेले असते, त्याच्या केबिनमधील हवा बाहेरच्या हवेपेक्षाही तप्त होते. जुन्या ट्रकमधील एसी अशा दिवसांत कोमट वारा देऊ लागला, की चालक हमरस्त्यालगतच्या गॅरेजमध्ये शिरतो आणि सांगतो, "गॅस भरून द्या." अर्ध्या तासात काम होते, पैसे चुकते होतात, केबिन गार होते. महिना उलटतो न उलटतो तोच चालक तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात उभा!

डिझेल जळून संपते; एसीतील शीतकारक वायू तसा संपत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि कुलिंग कॉइल यांतून तो बंदिस्त मार्गाने फिरत राहतो. केबिनमधील उष्णता शोषून बाहेर टाकतो. रबरी नळ्यांतून वर्षागणिक थोडा वायू झिरपतो, हे खरे. परंतु महिन्याभरात गारवा गेला, तर कोठेतरी गळती आहे. खडखडाटाने सैल झालेले सांधे, तडकलेल्या नळ्या आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याचे झिजलेले सील ही तिची नेहमीची ठिकाणे. वायूबरोबर तेलही बाहेर येत असल्याने सांध्यावर साचलेला तेलकट, धुळीने माखलेला डाग पुष्कळदा गळतीची जागा दाखवून देतो.

कुशल मेकॅनिक म्हणूनच घाई करीत नाही. प्रथम तो कंडेन्सरच्या पात्यांमधील धूळ काढतो आणि पंखा फिरतो की नाही हे पाहतो. काही वेळा दुखणे एवढ्यावरच थांबते. गळतीचा संशय असल्यास उरलेला वायू यंत्राने काढून घेऊन, नायट्रोजनच्या दाबाखाली सांध्यांना साबणाचा फेस लावला जातो. बुडबुडा दिसला, की जागा सापडली. दुरुस्तीनंतर ड्रायर बदलून व्हॅक्युम पंप अर्धा-पाऊण तास चालवावा लागतो. ही वेळ वाचविण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तोच पुढे महागात पडतो. हवेबरोबर आत राहिलेल्या ओलाव्यापासून आम्ल तयार होते व ते धातूचे भाग पोखरते. अखेरीस, यंत्रणेवरील पट्टीत नमूद केलेल्या वजनाइतकाच वायू काट्यावर मोजून भरावयाचा. नळीला हात लावून अंदाज घेण्याची पद्धत सर्रास आढळते, पण तिच्यावर विसंबणे बरे नव्हे. वायू अधिक झाला तरीही दाब वाढून गारवा घटतो.

फार जुन्या यंत्रणांत आर-१२ हा वायू असे. ओझोनच्या थरास घातक ठरल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये तो मोडीत निघाला. त्याची जागा घेणाऱ्या आर-१३४ए या वायूला वेगळे तेल लागते, तसेच सील व ड्रायरही त्यास साजेसे हवेत. नुसता वायू बदलल्यास कॉम्प्रेसर तेलाअभावी जाम होऊ शकतो. स्वस्त म्हणून एलपीजी भरणे तर सर्वस्वी टाळावे. कुलिंग कॉइल गळल्यास ज्वालाग्राही वायू थेट केबिनमध्ये पसरतो, आणि चालक रात्री तेथेच झोपलेला असतो.

केंद्र शासनाच्या डिसेंबर २०२३ मधील अधिसूचनेनुसार, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील ट्रकना वातानुकूलित केबिन अनिवार्य आहे. त्याआधी बनलेल्या ट्रकना हा नियम लागू नाही. कर्ज फेडून मोकळा झालेला, एकाच जुन्या ट्रकवर संसार चालविणारा मालक आहे त्याच यंत्रणेवर उन्हाळे काढणार. त्याच्यासाठी एक बिनखर्चाचा उपाय आहे. हिवाळ्यात एसी महिनोन्‌महिने बंद राहिला, की कॉम्प्रेसरचे सील कोरडे पडते आणि तेथूनच गळती सुरू होते. तेव्हा थंडीतही महिन्यातून एकदा दहा मिनिटे तो चालू ठेवावा.