दगडी कोळशाच्या गावात लाकडी कोळसा

माजरीत कबाबाची गाडी शोधायची तर धुराच्या मागे जाऊ नये. इथं धूर कुठूनही येतो. खाणीबाहेर रचलेला कोळसा आतल्या आत तापून धुमसत असतो, त्याचा येतो. क्वार्टरच्या अंगणात कुणी शेगडी पेटवून ठेवली असेल तर तिचा येतो. पावसाळा सोडला तर डंपरच्या रस्त्यावरची काळी धूळही हवेत असतेच. भुकेल्या माणसाला वास तेवढा ओळखता आला पाहिजे. दगडी कोळशाच्या धुराला डांबराची आणि गंधकाची उग्र झाक असते, ती घशात बसते. निखाऱ्यावर चरबीचा थेंब पडून उठलेला धूर गोडसर असतो आणि तो नाकाच्या शेंड्यावरच थांबतो. संध्याकाळी बाजाराकडून स्टेशनकडे चालताना या दोन धुरांची सीमा कुठे लागते, हे कळलं की गाडी सापडली.

गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातलं. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या माजरी क्षेत्राचा कारभार शेजारच्या कुचन्याहून चालतो. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर माजरी जंक्शन आहे आणि तिथून एक फाटा वणी, पिंपळखुटीवरून आदिलाबादकडे जातो. या पट्ट्यातली कोळशाची गोष्ट जुनी आहे. वरोऱ्याला १८७०च्या दशकातच खाण चालू झाली होती. खाण आली की मागोमाग माणसं येतात, आणि माणसं आपापली भूक सोबत आणतात. म्हणून माजरी कॉलरीत एकाच रांगेत लिट्टी मिळते, इडली मिळते, तर्री-पोहे मिळतात आणि दिवस मावळला की सीक कबाब.

या गावात एक गंमत आहे. पायाखाली एवढा कोळसा असताना कबाबवाल्याला तो चालत नाही. त्याची पोती बाहेरून येतात, लाकडी कोळशाची. कारण साधं आहे. दगडी कोळसा पेटताना आधी त्यातले वायू आणि डांबरी द्रव्यं जळत बाहेर पडतात, ज्वाला पिवळी आणि काजळीची उठते, आणि वर मांस धरलं तर ते सगळं त्याच्यावर बसतं. कॉलनीतल्या बायका म्हणूनच शेगडी आधी अंगणात पेटवायच्या, धूर सरला की मगच घरात घ्यायच्या. लाकडी कोळशाचं हे काम भट्टीत आधीच उरकलेलं असतं. कमी हवेत लाकूड भाजून त्यातला ओलावा आणि वायू घालवलेले असतात, उरतो तो जवळपास निव्वळ कार्बन. तो ज्वाला न काढता तापतो आणि मांसाला लागते ती सरळ धग. बाभळीचा कोळसा जड असतो आणि रात्रभर टिकतो. हलक्या लाकडाचा ठिणग्या उडवतो आणि लवकर बसतो.

जंगलाच्या जिल्ह्यात हा कोळसा तसा साधा माल नाही. १९२७च्या भारतीय वन कायद्यानं लाकडी कोळशाला वनोपज म्हटलं आहे, तो जंगलातून आलेला असो वा नसो. कागदावर पाहिलं तर सळईखालचा निखारा वनखात्याच्या व्याख्येत बसतो आणि शंभर पावलांवरचा खाणीतला डोंगर दुसऱ्याच कायद्यात.

मी गाडीवर आधी खाणं बघत नाही, शेगडी बघतो. लोखंडी पन्हळीसारखी लांब शेगडी, दोन्ही काठांवर सळया टेकलेल्या, मध्ये जाळी नाही. जाळी असली की मांस तिला चिकटतं, तुटतं आणि जाळीचाच जळका वास घेतं. निखाऱ्यावर राखाडी साय धरलेली असावी. काळे कोळसे अजून दिसत असतील तर फेरी मारून यावं, पहिल्या घाण्याचा कबाब बहुधा बाहेरून जळलेला आणि आतून कच्चा निघतो. मग पंखा. काही जण टेबल पंखा लावून ठेवतात आणि तो फिरतच राहतो. राख उडते, ती कबाबावर बसते. जाणता माणूस हातपंखा वापरतो, तोही सारखा नाही. चरबी पडून ज्वाला उठली की पंखा थांबतो, सळई बाजूला सरकते, ज्वाला बसली की परत आत येते. सगळं कसब या थांबण्यात आहे.

दुसरी गोष्ट हात. खिम्याच्या डब्याशेजारी पाण्याचं भांडं असतं. ओल्या मुठीत गोळा घेऊन तो सळईवर दाबत नेतात, त्यामुळे बोटांच्या खुणा उमटतात. त्या उंचवट्यांवर कबाब आधी करपतो आणि खाचांत रसाळ राहतो, म्हणून फार गुळगुळीत कबाब मला आवडत नाही. सळई चौकोनी असेल तर बरं. गोल सळई फिरवली की सळईच फिरते, खिमा जागेवर राहतो. आणि खिमा सळईवरून गळून पडत असेल तर दोष आगीचा नसतो, मळण्याचा असतो. मीठ घालून थंड खिमा जोर लावून मळला की मांसातलं प्रथिन सुटतं आणि चिकट होतं, तेच त्याला धरून ठेवतं. कांदा न पिळता घातला, किंवा कच्ची पपई लावून खिमा फार वेळ ठेवला, की ही पकड जाते. मग बेसन घालून सावरावं लागतं. बेसनाचा कबाब दुसऱ्या घासाला ओळखू येतो.

इथं मांस कशाचं हा प्रश्न येतो आणि तो विचारायला लाजू नये. गाडीवरची भाषा सरळ आहे: छोट्याचं की बड्याचं. गायीच्या कत्तलीवर राज्यात १९७६च्या कायद्यानं आधीपासून बंदी होती, २०१५ साली बैल आणि वळूही तिच्यात आले. तेव्हापासून बड्याचं म्हणजे म्हैस-रेडा. हे मांस भरड आणि कोरडं, त्याला दोनदा दळावं लागतं आणि चरबी वेगळी मिसळावी लागते. ज्यांनी हे शिकून घेतलं त्यांचे कबाब टिकले. बाकीचे चिकनकडे वळले. चिकनचा सीक दिसायला देखणा असतो, पण त्यात चरबी नसते आणि धूर उठायला चरबी लागते. अनेक गाड्यांवर ही उणीव रंगानं भरून काढतात. शेजारच्या कर्नाटकात २०२४च्या जूनमध्ये कबाबातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली गेली, नमुन्यांत सनसेट यलो आणि कार्मोसीन सापडले होते. आपल्याकडेही भगवा-लाल कबाब दिसला की मी पुढच्या गाडीवर जातो. तिखटाचा रंग आगीवर गडद होतो, तो चमकत नाही.

आता पार्सल, कारण मुद्दा तोच आहे. माजरीत उभ्यानं कबाब खाणारे थोडे. रात्रपाळीला निघालेला माणूस डब्यात घालून नेतो, पाळीवरून परतणारा घरी नेतो, कुणी गाडी सुटायच्या आत पिशवी घेऊन फलाटावर पळतो. म्हणजे कबाब कसा आहे हे गाडीसमोर ठरत नाही, अर्ध्या तासानं ठरतं. रश्श्याचं पार्सल हे सोसतं. सावजीचा रस्सा नेला तर उलट मुरतो, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्तच चढतो. कबाबाला ती सवलत नाही. गरम कबाब चांदीच्या कागदात गच्च गुंडाळला की त्याची वाफ आतच पाणी होते, बाहेरची करपलेली साल मऊ पडते आणि घरी पोचतं ते उकडलेलं मांस.

म्हणून माझी कसोटी चवीची नाही, घाईची आहे. कबाब सळईवरून उतरवल्यावर जो माणूस तो लगेच गुंडाळत नाही, उघड्या ताटात मिनिट-दोन मिनिटं वाफ जाऊ देतो आणि मागे गर्दी असताना तुम्हाला थांबवतो, त्याच्याकडे परत जावं. असे विक्रेते कमी. स्टेशनच्या बाजूला एक म्हातारे गाडीवाले आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. घाई करणाऱ्याला ते फक्त एवढंच म्हणतात, “साँस लेने दो ना भाऊ उसको.” मग ते कबाब रोटीवर ठेवतात, कारण सुटणारी चरबी रोटी पिते, आणि वरून साधा कागद. कांदा वेगळ्या पुडीत, लिंबू आख्खं. लिंबू आधीच पिळलं की कांदा पाणी सोडतो आणि ते पाणी कबाबाला लागतं. चटणीची पिशवी गाठ मारून बाजूला.

कागद म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. छपाईच्या शाईपायी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं वर्तमानपत्रात खाणं बांधू नये असं २०१६ पासून वारंवार सांगितलं आहे, आणि वारंवार सांगावं लागतं यातच सगळं आलं. वणीकडच्या एका गाडीवर मात्र मी पळसाचं पान पाहिलं. आत पान, वर कागद. पान वाफ जरा बाहेर सोडतं, ओलावा जरा राखतं, शाईचा प्रश्नच नाही. ज्या मुलखात पळस रस्त्याच्या कडेला उगवतो तिथं चंदेरी मुलाम्याचे द्रोण बाहेरून का आणायचे, हे मला समजत नाही. पण ते आणतात, कारण पान खुडून वाळवून टाचायला माणूस लागतो.

वणीला जायचं म्हणजे पाटाळ्याच्या पुलावरून वर्धा नदी ओलांडायची. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, जुना वऱ्हाड. १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती, तेव्हा या पुलाचं महत्त्व वेगळं होतं. कबाबाच्या गाड्या पूर्वी बारच्या दाराशी लागत, कारण कबाब हा चखणा होता. बार बंद झाले तशा काही गाड्या उठल्या. चाचांनी त्या काळात जागा बदलली. त्यांच्या सांगण्यानुसार पिणारा एक प्लेट घ्यायचा आणि हुज्जत घालायचा. बंदीत बायका-पोरांसाठी नेणारे येऊ लागले, ते पाच-सहा प्लेट बांधून घ्यायचे. बंदी उठल्यावर ते बारच्या दाराशी परत गेले नाहीत.

मोठ्या शहरांचं कौतुक करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मुंबईत कुलाब्याला ताजच्या मागच्या गल्लीत बडेमियाँचा सीक लोक १९४६ पासून खात आले आहेत, गाडीच्या बॉनेटवर ताट ठेवून. तो जागेवर खायचा कबाब, तिथली मजा तिथंच संपते. नागपुरात रमजानच्या संध्याकाळी मोमिनपुऱ्यात जे मिळतं त्यामागे विणकरांची वाट आहे. १८५७ नंतर उत्तरेतून निघालेली मोमिन विणकर कुटुंबं कामठी, मालेगाव, भिवंडीपर्यंत पसरली आणि त्यांच्यासोबत शामी कबाबही आला. लखनौच्या टुंडे कबाबीचं नाव १९०५ पासून आहे, पण तो गलावटीचा कबाब तव्यावर होतो, निखाऱ्यावर नाही. त्याला साल नसतेच, मुळातच मऊ असतो. आणि पार्सलचा विचार करता हेच त्याचं बळ आहे: जे गमवायचं ते त्याच्याकडे नाहीच. शामी, गलावटी तासाभरानंही तसेच राहतात. दूर न्यायचं असेल तर तेच घ्यावेत, सीक नाही. चंद्रपुरात पार्सल घेताना मी हाच नियम पाळतो. त्या शहरात कबाबाची उणीव नाही, पण तिथून माजरीला पोचेपर्यंत सीक मरतो आणि शामी जिवंत राहतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात इथं पारा ४५च्या वर असतो, कधी ४७च्याही पुढे जातो, आणि अंधार पडला तरी लोखंडी गाडीला हात लाववत नाही. अशा दिवसांत खिम्याचा डबा बर्फात आहे का, एवढंच पाहावं. खिम्यात जंतू फक्त वर राहत नाहीत, दळताना आतपर्यंत जातात, म्हणून तो मध्यापर्यंत शिजावा लागतो, सत्तर अंशांच्या जरा वरपर्यंत. कबाब मोडून आत गुलाबी दिसला तर परत द्यावा. चांगला गाडीवाला रागावत नाही, सळई पुन्हा आत सरकवतो.

मागच्या हिवाळ्यात नागपूरला निघताना मी चाचांकडे जास्तीचं पार्सल मागितलं. त्यांनी शेजारच्या पोराला डबा उघडायला सांगितला आणि मला विचारलं, गाडी किती वाजता पोचते. मी सांगितलं. “नागपूर तक नहीं चलता जी ये,” म्हणाले, आणि सळयांना हात न लावता कच्चा मळलेला खिमा तोलून डब्यात भरून दिला. वर बर्फ. “तव्यावर लावा. तेल कमी. आणि झाकण नका ठेवू.”