पागेपासून शर्यतीच्या मैदानापर्यंत

भीमा आणि नीरा नद्यांच्या खोऱ्यांत वाढलेले भीमथडी घोडे अंगाने लहान, पण काटक होते. मराठ्यांची चपळ लढाई त्यांच्याच पायांवर उभी राहिली. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. त्यामुळे घोडा मेला की शिलेदाराची पतच बुडे. माणूस आणि घोडा यांचे इतके घट्ट नाते नंतर क्वचितच उरले.

इंग्रजी अमलात घोडा हळूहळू करमणुकीकडे वळला. पुण्यात 1830 मध्ये, तर मुंबईत महालक्ष्मीला 1883 मध्ये शर्यतींचे मैदान उभे राहिले. तिथे थरोब्रेड घोड्यांचा मान वाढला आणि देशी जातींकडे दुर्लक्ष झाले. हे नुकसान मोठेच होते. मुंबईच्या रस्त्यांवर मात्र व्हिक्टोरिया या घोडागाड्या धावत राहिल्या. घोड्यांचे हाल पाहून उच्च न्यायालयाने 2015 मध्ये त्या हौशी फेऱ्या बेकायदा ठरवल्या. निर्णय योग्यच होता, मात्र त्या फेऱ्यांवर पोट असलेल्या गाडीवानांचा प्रश्न तितकाच खरा होता. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये घोडा अजून रोजच्या कामाचा आहे, आणि सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो.

खेळातही नाते बदलते आहे. ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात वेगाला महत्त्व नाही. स्वाराची सूक्ष्म खूण घोड्याने किती सहजपणे ओळखली, यावर गुण मिळतात. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये भारतीय संघाने याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले. त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. घोडेस्वारीतले भारताचे हे 41 वर्षांनंतरचे पहिले सुवर्ण.