कवटीपासून जनुकांपर्यंत: इरावतीबाईंचा प्रश्न

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत १९२०च्या दशकाच्या अखेरीस मानवशास्त्राच्या अभ्यासक इरावतीबाई कर्वे मानवी कवट्यांची मापे घेत होत्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा टेकू देणारे. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेत वंशावंशांमधला फरक दिसेल, अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मापे ताडून पाहिली. असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असे त्यांनी प्रबंधात लिहिले. मापे सांगतील तेच लिहायचे, हा बाणा त्यांनी पुण्यातही सोडला नाही.

१९३९मध्ये त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी केलेल्या महाराष्ट्रातील मानवमापनाचा ग्रंथ १९५१मध्ये आला. एक जात फुटून पोटजाती झाल्या, की मुळातले वेगवेगळे गट एका नावाखाली आले, हा त्यांचा प्रश्न होता. कुंभारांचेच पाहा. थोरचाके मोठ्या चाकावर घडवतात, लहानचाके लहान चाकावर, हातघडे हातानेच. धंदा एक, पण बेटीव्यवहार नाही. १९६८मध्ये कैलाश मल्होत्रांसह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची जीवशास्त्रीय तुलना प्रसिद्ध केली. सामाजिक दर्जा सारखा असूनही या गटांत लक्षणीय फरक आढळले. पोटजाती म्हणजे एका जातीचे तुकडे, हे गृहीतच त्यामुळे डळमळीत झाले.

पुढे मोजपट्टीच्या जोडीला जनुके आली. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवले, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी भारतातल्या लोकसमूहांची मोठी सरमिसळ झाली. भिल्लांसारखे तुलनेने एकाकी मानले गेलेले समाजही तिच्यातून सुटले नाहीत. नंतर मात्र जातीबाहेरचे विवाह कमी होत गेले आणि कुंपणे पक्की झाली.

त्या कुंपणांची किंमत शरीर मोजते. २०१७च्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६०हून अधिक गट तपासले गेले. त्यांपैकी ८१ गट इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढले आहेत, की त्याबाबतीत ते फिनलंडच्या लोकांनाही मागे टाकतात. अशा गटात एखादा सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही येण्याची शक्यता वाढते. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात एका विकराची कमतरता इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. एरवी ती जाणवतही नाही. पण शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू शिथिल करणारे विशिष्ट औषध दिले, की काही मिनिटांत ओसरणारा त्याचा परिणाम तासन्‌तास टिकतो, श्वास बंद पडतो. भूलतज्ज्ञाला आधी कल्पना असेल, तर तो दुसरे औषध निवडतो.

रक्ताच्या शुद्धतेच्या दाव्याला या संशोधनात कुठेच आधार मिळत नाही. कुंपणांमुळे वाढणाऱ्या आजारांचा पुरावा मात्र भरपूर मिळतो. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे: लग्न ठरवताना पत्रिकेआधी दोन्ही घराण्यांतल्या आजारांची चौकशी करा आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची साधी रक्ततपासणी करून घ्या. जातीबाहेरचे स्थळ आले, तर केवळ जातीसाठी ते नाकारू नका.